मुका सेन्सर

"आपा, माझ्या बापाला लोक चोर म्हणतायत."

मुलगी दारातच उभी राहून एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. तिच्यामागे एक उंच, देखणा तरुण होता. तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, या विचारात तो अडकलेला दिसत होता.

सापारनं घाईघाईनं तोंडातला तळलेला बौरसाक गिळला. बेकरीच्या वरच्या या दोन खोल्यांत रडत येणारी माणसं त्याला नवीन नव्हती, पण कुणी रडत असताना आपण तोंड चालवावं हे त्याला बरं दिसत नसे. पेशानं तो टॅक्सीवाला. नात्यानं झौरेश आपांचा मावसभाऊ, कामापुरता त्यांचा ड्रायव्हर, आणि आपांच्या मते त्यांच्या डोक्याला झालेला कायमचा ताप.

झौरेश आपा पूर्वी एका विमा कंपनीत अपघातांचे खोटे दावे पकडत. त्या निवृत्त झाल्या तेव्हा तराझ शहरातल्या बऱ्याच लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. मग आपांनी घरीच खाजगी तपासाचं काम सुरू केलं आणि त्या लोकांचा आनंद काही टिकला नाही.

"बस पोरी. आधी चहा घे, मग बोल. आणि हा कोण?"

"मी दिदार," तरुण म्हणाला. "मोल्दीरचं आणि माझं ठरलंय. म्हणजे, ठरलं होतं."

मोल्दीरनं डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. तिचे वडील येसेन उस्ता, स्टेशनमागच्या गॅरेजांच्या रांगेतले जुने मेकॅनिक. वसंतातल्या नौरुजच्या सणानंतर दिदारची आई बातिमा त्यांच्या घरी आली, तिनं मोल्दीरच्या कानांत सोन्याची कानातली घातली आणि सोयरीक पक्की झाली. उन्हाळ्याच्या शेवटी बातिमा आपली जपानी गाडी घेऊन उस्ताकडे गेली. इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला होता. उस्तानं तपासलं, ऑक्सिजन सेन्सर गेला होता. त्यानं नवा बसवला, दिवा विझला. होणाऱ्या विहिणीकडून त्यानं एक तेंगेसुद्धा घेतला नाही.

"थोड्या दिवसांनी दिवा परत लागला," मोल्दीर म्हणाली. "बातिमा आपा या खेपेला गेनाच्या गॅरेजला गेल्या. तो म्हणाला, सेन्सर ठणठणीत आहे, पण धूर गाळणारा कन्व्हर्टर आतून रिकामा आहे. वरचा डबा तेवढा शिल्लक. डबा कापून आतली जाळी काढलीय आणि परत वेल्डिंग केलंय."

"त्या जाळीत प्लॅटिनम असतं ना," सापार म्हणाला. "बाजारामागं पाट्या लावून विकत घेतात. माझ्या गाडीवर रोज कुणी ना कुणी डोळा ठेवतो."

"तुझ्या गाडीचा डबा बघायचा तर आधी गंज खरवडावा लागेल," आपा म्हणाल्या. "पुढं?"

"पुढं काय! त्या आमच्या घरी आल्या. सगळ्या गल्लीसमोर माझी कानातली उतरवली. म्हणाल्या, एक दुखणं घेऊन गेले, त्यानं ते बरं केलं आणि पोटातलं काळीजच काढून घेतलं." तिनं कानाच्या रिकाम्या पाळीला हात लावला. "रविवारी दोन्हीकडची मोठी माणसं आमच्या गॅरेजवर निवाड्याला बसणार आहेत. लग्न मोडलं तर मोडू दे, आपा. पण आके, माझा बाप, उरलेलं आयुष्य मान खाली घालून चालणार, ते मला नाही बघवायचं."

"वडील काय म्हणतात?"

"'मी घेतलं नाही,' एवढं एकदा म्हणाले. त्यानंतर तोंडाला कुलूप. मी रडले, भांडले, तरी नाही."

आपांनी दिदारकडे नजर वळवली. "आणि तुझं काय मत?"

"उस्ता तसं करणार नाहीत," दिदार चटकन म्हणाला. "मी आईला समजावतोय. पण मला गाड्यांतलं काडीचं कळत नाही हो. दिवा पेटला होता हेच मला आई दुरुस्ती करून आली तेव्हा समजलं. मी तेव्हा कामासाठी अल्माटीला गेलो होतो. आपा, तुम्हाला काही सापडलं तर आधी मला सांगा. आईला कसं सांगायचं ते मी बघतो."

"काळजी करणारा दिसतोस," आपा म्हणाल्या.

ती दोघं गेल्यावर सापार खिडकीशी जाऊन बघत राहिला. "सोन्यासारखा पोरगा आहे, आपा. दुसरा असता तर आईच्या पदराआड लपला असता."

"हं," म्हणून आपांनी सूर्यफुलाच्या बियांची वाटी पुढं ओढली.

*

बातिमानं दार उघडलं ते भांडायच्या तयारीनंच. तरी पाहुण्याला चहाशिवाय उभं कसं ठेवायचं, म्हणून तिनं आधी दस्तरखान पसरला आणि मग भांडायला सुरुवात केली.

"माझ्या नवऱ्यामागं राहिलेली गाडी आहे ती! पोटच्या पोरासारखी सांभाळली. आणि व्याह्यानं, बाहेरच्या कुणी नाही, व्याह्यानं तिचं पोट फाडलं!"

"गाडीची तक्रार कधीपासून होती?" आपांनी विचारलं.

"नौरुजच्या आसपास दिवा लागला. मी म्हटलं दाखवू या कुणाला. तर म्हणे पिवळा दिवा म्हणजे काही नाही, लाल लागला तर घाबर. सेन्सर जपानहून मागवलाय, तो येईपर्यंत हात लावू नको. वसंत गेला, उन्हाळा गेला, सेन्सर येतोय कुठला! इंटरनेटवर पोरं मागवतात ते असंच. शेवटी मला बहिणीकडे कोर्दाईला जायचं होतं, घाट चढायचा, म्हटलं व्याही कशाला आहे? मलाच अवदसा आठवली!"

"बाकी काही त्रास? आवाज, वास?"

"वास तर विचारू नका. वसंतापासून धूर असा झोंबायचा की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. मी त्या पंपवाल्याला फैलावर घेतलं, पेट्रोलमध्ये काय कालवतोस म्हणून. पंप बदलला. पण या शहरात सगळे पंपवाले एका माळेचे मणी."

सापारनं मान डोलावली. पंपवाल्यांविषयी त्याचंही हेच मत होतं.

"खरं सांगा बातिमा," आपा शांतपणे म्हणाल्या, "ती मुलगी तुम्हाला पहिल्यापासून पसंत होती का?"

बातिमाचा कप हवेतच थांबला. "नव्हती. मेकॅनिकची पोर! मला डॉक्टरीण सून हवी होती. पण पोरानं स्वतःच्या कमाईची कानातली आणून माझ्यापुढं ठेवली. माझ्याकडे काही मागितलं नाही. मग मी काय बोलणार? पण म्हणून मी स्वतःच्या गाडीला भोक पाडून घेईन, असं वाटतं का तुम्हाला?"

"मला अजून काहीच वाटत नाही. गाडी बघू का?"

गाडीच्या डिकीत जॅकच्या बाजूला एक पुरचुंडी पडली होती. तेलकट फडक्याची, नीट गाठ मारलेली.

"हे काय?"

"तो जुना सेन्सर. येसेनची सवय आहे, काढलेला भाग गिऱ्हाईकाच्या हातात देतो. बघा, नवा खरंच बसवलाय, म्हणून. साळसूदपणा नुसता! मी तशीच टाकून दिली, उघडलीसुद्धा नाही."

"घरात आणखी कुणी बघितली?"

"कोण बघतंय? कचरा तो."

आपांनी पुरचुंडी पिशवीत टाकली आणि गाडी रविवारपर्यंत मागून घेतली.

*

गेनाचं गॅरेज रांगेच्या दुसऱ्या टोकाला होतं. गेना लाल मिशांचा, बोलका आणि स्वतःवर फार खूश माणूस. सापारचं पहिलं लक्ष गेलं ते कप्प्यावरच्या चंदेरी रंगाच्या डब्याकडे. कन्व्हर्टरच्या वेल्डिंगवर तसाच चंदेरी रंग फासलेला होता.

"आपा," तो कुजबुजला, "सापडला!"

"हा रंग रांगेतल्या प्रत्येक गॅरेजात आहे, सापार. येताना तीन ठिकाणी मी बघितला. तुझं लक्ष समोशांकडे होतं."

गेनानं स्कॅनर जोडला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "सेन्सर दोन असतात, आपा. एक डब्याच्या आधी, एक डब्याच्या नंतर. उस्तानं आधीचा बदललाय. त्याची रेघ अशी सारखी वरखाली नाचते, ते बरोबरच आहे. डबा शाबूत असेल तर नंतरच्याची रेघ शांत राहते. आणि इथं बघा, दोन्ही नाचतायत."

"नवरीबरोबर सासूही नाचायला लागली म्हणायची," सापार म्हणाला.

"गाडीचा संगणक अधूनमधून दोघांची तुलना करतो. डबा रिकामा आहे असं कळलं की दिवा लावतो."

"आणि तुलना करायला दोघांतला एकच शिल्लक असेल तर?" आपांनी विचारलं.

गेनानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याची भुवई वर गेली.

"आत्ता नको सांगू. उद्या तू आणि मी करूनच बघू. एक विचारते, गेना. उस्ताची गिऱ्हाइकं तुझ्याकडे यायला लागली असतील ना आता?"

"आली तर हाकलून देऊ?" गेना उसळला. "मी जे दिसलं ते सांगितलं. उस्तानं घेतलं असं मी कुठं म्हणालो? ही गाडी त्याआधी मी पाहिलीसुद्धा नव्हती. विचारा बातिमाला!"

तिथून ती दोघं येसेन उस्ताकडे गेली. थोराड हाडाचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं हात पुसले, स्टूल पुढं केलं आणि दूध घातलेला चहा ओतला.

"कन्व्हर्टर तुम्ही काढलात?"

"नाही."

"सेन्सर खरंच गेला होता?"

"गेला होता. आतला हीटर बंद. मी नवा बसवला."

"गाडी तुमच्याकडे आली, तेव्हा कन्व्हर्टर जागेवर होता का?"

उस्ता चहाकडे बघत राहिला. बाहेर कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

"चहा घ्या," तो शेवटी म्हणाला. "निवतोय."

आपांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. उस्ता उठला आणि पाने जागेवर लावायला लागला.

परतीच्या वाटेवर सापारला राहवलं नाही. "झालं की, आपा! 'होता' म्हटलं तर काढला कुणी, हा प्रश्न येतो. 'नव्हता' म्हटलं तर खोटं पडतं. म्हणून गप्प बसला. मला त्या पोरीचं वाईट वाटतं, पण बाप चोर आहे."

"किंवा 'नव्हता' हे खरं आहे, आणि ते बोलण्याची त्याला सोय नाही."

"खरं बोलायला कसली आलीय सोय?"

"तुझं लग्न ठरलं तेव्हा तुझ्या सासऱ्याला तुझ्याबद्दल खरं ठाऊक होतं. बोलला का तो?" सापारनं समोर कुणी नसताना हॉर्न वाजवला.

*

रविवारी येसेन उस्ताच्या गॅरेजसमोर बाकं मांडली होती. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी टोप्या घालून बसली होती. रांगेतल्या गॅरेजवाल्यांनी काम चालू असल्याचा देखावा करत कान इकडे लावले होते. बातिमा हाताची घडी घालून उभी होती, शेजारी दिदार. मोल्दीर वडिलांच्या मागं. जो तो दुसऱ्याकडे चोरून बघत होता.

झौरेश आपांनी फडक्याची गाठ सोडली आणि जुना सेन्सर बाकावर ठेवला.

"बातिमा, तुमचा आरोप सरळ आहे. पहिली दुरुस्ती झाली, त्यानंतर कन्व्हर्टरचा दिवा लागला. म्हणजे कन्व्हर्टर त्या दुरुस्तीत गेला."

"मग? शेंबड्या पोरालाही कळेल ते!"

"गेना, आपण काल काय केलं ते सांग."

गेना घसा खाकरत पुढं आला. सगळे आपल्याकडे बघतायत हे त्याला आवडलं होतं. "हा जुना सेन्सर परत गाडीत बसवला. संगणकाची आठवण पुसली आणि तालास नदीच्या कडेनं गाडी भरपूर फिरवली. दिवा लागला, पण फक्त सेन्सरच्या तक्रारीचा. कन्व्हर्टरबद्दल चकार शब्द नाही. डबा रिकामाच आहे, तरी नाही! मग नवा सेन्सर बसवला, तेवढंच फिरवलं. कन्व्हर्टरची तक्रार हजर."

"का?"

"कारण पहिला सेन्सर बिघडलेला असला की संगणक कन्व्हर्टरची तपासणी करतच नाही. आधीच्या सेन्सरवरच भरवसा नाही, तर तुलना कशाच्या जोरावर करणार?" गेनानं उस्ताकडे बघितलं आणि मिशी चोळली. "हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं."

बाकांवर कुजबुज सुरू झाली. बातिमाच्या हातांची घडी सुटली.

"म्हणजे कन्व्हर्टर कधी गेला ते दिव्यावरून ठरत नाही," आपा म्हणाल्या. "वासावरून मात्र ठरतं. तुम्ही पंपवाल्याशी भांडलात ते वसंतात. शेजारणीनं खिडकी लावली ती वसंतात. धूर गाळणारी जाळी तेव्हाच गेली होती. पेट्रोल बिचारं चांगलंच होतं."

"पण नंतरसुद्धा—" बातिमानं सुरुवात केली.

"ऐका. उस्तानं जाळी चोरली असं समजू. सेन्सर बिघडलेला आहे तोवर चोरी कुणाला कळणार नाही, हे या रांगेत त्याच्याइतकं कुणाला माहीत? मग चोरानं काय केलं असतं? म्हणाला असता, कुदागी, विहीणबाई, भाग मिळत नाही, बघू पुढच्या महिन्यात. यानं स्वतःच्या खर्चानं नवा सेन्सर बसवला, चोरीला वाचा फोडली, आणि वर जुना सेन्सर तुमच्या हातात दिला. एवढा येडा चोर मी उभ्या आयुष्यात बघितला नाही."

कुणीतरी हसलं. उस्ता जमिनीकडे बघत होता.

"आता हा सेन्सर बघा. टोक स्वच्छ आहे, काजळी नाही, तेल नाही. हा म्हातारा होऊन मेलेला नाही." आपांनी तारांवरची काळी नळी मागं सरकवली. हीटरच्या दोन पांढऱ्या तारा पकडीनं सफाईनं कापलेल्या होत्या. "याला मारलाय. कापून नळी परत पुढं ओढली, की बाहेरून काही दिसायला नको. ज्यानं जाळी विकली, त्यानंच आधी हा दिवा लावून ठेवला. दिवा आधीच पेटलेला असला की कोण विचारतं का पेटला म्हणून? आणि कुणी विचारलंच तर उत्तर तयार. सेन्सर गेलाय, स्वस्तातला भाग आहे, मागवलाय."

सापारच्या डोक्यात आता कुठं काहीतरी हललं. त्याला बातिमाचा दस्तरखान आठवला, तिचं ते भांडण आठवलं.

"गेनानं गाडी पहिल्यांदा पाहिली ती उस्ताच्या दुरुस्तीनंतर. बातिमांना माहीत असतं तर त्या दुरुस्तीला गेल्याच नसत्या," आपा म्हणाल्या. "सेन्सर बिघडलेलाच राहावा, यात फायदा एकाचाच. बातिमा, तुम्हाला हात लावू नको म्हणून कुणी सांगितलं? जपानहून सेन्सर मागवला होता कुणी?"

 बातिमानं हळूच मान वळवून मुलाकडे बघितलं.

"माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, दिवा पेटला होता हेच माहीत नव्हतं," आपा म्हणाल्या. "दिवा मात्र नौरुजपासून जळत होता आणि आईला थोपवून धरत होता हाच. तो अल्माटीला गेला, म्हणून आई उस्ताकडे जाऊ शकली. माझ्याकडेसुद्धा आला तो मला काय सापडतंय ते आधी कळावं म्हणून."

"दिदार?" मोल्दीर म्हणाली.

दिदारचा चेहरा पांढरा पडला होता. "मला... मला दुसरा रस्ता नव्हता. आई म्हणाली होती, रिकाम्या हातानं मी सोयरीक करायला जाणार नाही. जाळी विकून मी ती कानातली घेतली. सोन्याशिवाय आई आलीच नसती तुझ्याकडे! बाजारातला माणूस म्हणाला, तासाभराचं काम आहे, तार कापून ठेव, कुणाला कळत नाही. लग्न झाल्यावर मी गुपचूप नवा डबा बसवणार होतो. मोल्दीर, तुझ्यासाठीच केलं मी सगळं."

मोल्दीर त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती रडत नव्हती.

"ते मी कदाचित समजून घेतलं असतं. तू येऊन सांगितलं असतंस तर हसलेही असते. पण तुझी आई आमच्या दारात माझ्या बापाला चोर म्हणत होती, तेव्हा तू फाटकाशी उभा होतास. मी तुझ्याकडे बघत होते, दिदार. मला वाटलं, तुला माझ्याइतकंच दुःख झालंय."

तो काहीतरी बोलायला गेला. ती ऐकायला थांबली नाही.

बातिमानं रुमालानं तोंड झाकलं होतं. मग ती उस्तापुढं गेली. तिचा सगळा तोरा उतरला होता. "कुदा, व्याही, तुम्हाला कळलं होतं ना? डब्यावर नुसती टिचकी मारली तरी कळलं असेल तुम्हाला."

"कळलं होतं," उस्ता म्हणाला. "फडक्यात गुंडाळताना तारासुद्धा दिसल्या."

"मग बोलला का नाहीत? मी एवढी तोंडाला येईल ते बोलत सुटले, तरी नाही?"

उस्तानं जुना सेन्सर उचलून परत फडक्यात ठेवला. "गाडी तुमच्या अंगणात असते. बाहेरचा कुणी त्यात शिरत नाही. माझी पोर त्याच घरात नांदायला यायची होती. तिच्या सासरी चोर आहे, हे बापानं कुठल्या तोंडानं सांगायचं? मग तिला काय मान राहिला असता तिथं? मला म्हटलं चोर, तर म्हटलं. मी काय, म्हातारा माणूस."

 याच माणसाला आपण बेधडक चोर ठरवून मोकळे झालो होतो, या विचारानं सापारला स्वतःची भारी लाज वाटली.

मोल्दीरनं वडिलांचा हात धरला. "आके, मी आता त्या घरात जाणार नाही. कुणाचा मान सांभाळायचा राहिला नाही. आता बोला."

"आता बोलून काय होणार, पोरी?"

"मला ऐकायचंय. या सगळ्यांनी ऐकायला हवंय."

उस्ता बाकांकडे वळला. खाली मान घालूनच तो म्हणाला, "बातिमाची गाडी माझ्याकडे आली, तेव्हा डबा रिकामा होता."

"काय म्हणतोय?" टोकाला बसलेल्या एका बहिऱ्या म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला. "मोठ्यानं बोल की, येसेन!"

उस्तानं मान वर केली. "डबा रिकामा होता!" तो ओरडला. "मी काही घेतलं नाही!"

रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला पत्रा ठोकणारा माणूस ठोकायचा थांबला आणि बाहेर येऊन बघायला लागला.